हंगाम कोणाचा?

कळमनुरी तालुक्यातील डोंगरकड्याच्या शिवारात ‘हंगाम’ या शब्दाचे अर्थ ठरलेले आहेत. मृगाच्या तोंडावर सुरू होतो तो खरिपाचा हंगाम, सोयाबीन निघाले की रब्बीचा, आणि दसरा-दिवाळी मागे पडली की साखर कारखान्यांचा गळीत हंगाम. हळद शिजवून, वाळवून, घोळून ती वसमतच्या बाजारात जाते, त्यालाही हंगामच म्हणतात. हंगाम म्हणजे राबण्याचा काळ. ज्याचे हात त्या दिवसांत मोकळे असतील त्याला गावात आळशी समजतात. अशा गावात कोणी विचारले की, ‘तालुक्याच्या महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाचा यंदाचा हंगाम कसा गेला?’ तर ऐकणारा क्षणभर थबकेल. प्रश्न कळेल, पण त्याचे काय करावे हे कळणार नाही. फुटबॉलचाही हंगाम असतो आणि तो तरुणांच्या हक्काचा असू शकतो, ही कल्पनाच त्याच्यापर्यंत कधी पोचू दिलेली नाही.

हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. शेतमालाच्या भावाने कंबरडे मोडलेले असताना, पदवीधर पोरे स्पर्धा परीक्षांच्या रांगेत म्हातारी होत असताना, चेंडूच्या गोष्टी कसल्या करायच्या, असे कोणीही म्हणेल. परंतु व्यवस्थेचा खरा चेहरा पुष्कळदा अशा क्षुल्लक जागीच उघडा पडतो. भाकरीच्या प्रश्नावर सत्ताधाऱ्यांकडे निदान तयार भाषण असते. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या सायंकाळी पाच ते सात या दोन तासांवर हक्क कोणाचा, या प्रश्नावर त्यांच्याकडे भाषणही नसते, कारण तो प्रश्न त्यांना कोणी विचारलेलाच नाही.

प्रथम हिशेब पाहावा. विद्यापीठांच्या आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेची सर्वसाधारण रीत बाद पद्धतीची आहे. एखादे महाविद्यालय यजमान होते, दोन-तीन दिवसांत सामने उरकले जातात, हरला तो संघ परतीच्या गाडीला लागतो. सोळा संघ आले असे धरले, तर पहिल्या फेरीनंतर आठ संघ घरी जातात. म्हणजे निम्म्या संघांचा वर्षाचा हंगाम एका सामन्याचा. नियमाप्रमाणे पूर्ण वेळ खेळवला तर दीड तासाचा, आणि अंधार पडण्यापूर्वी चार सामने उरकायचे म्हणून वेळ छाटला तर त्याहूनही कमी. दुसऱ्या फेरीत आणखी चार जातात. चार दोनांचे आणि अंतिम फेरी मिळून पंधरा सामन्यांत सोळा महाविद्यालयांचे वर्ष संपते. हेच सोळा संघ आठ-आठांच्या दोन गटांत घालून साखळी पद्धतीने खेळवले, तर प्रत्येक संघाच्या वाट्याला किमान सात सामने येतात. प्रत्येकाने एकदा आपल्या व एकदा दुसऱ्याच्या मैदानावर खेळायचे ठरवले तर चौदा. एक सामना आणि चौदा सामने यांत जे अंतर आहे तेच ‘स्पर्धा’ आणि ‘हंगाम’ यांतले अंतर आहे. एक सामना खेळणारा संघ जिंकतो किंवा हरतो. चौदा सामने खेळणारा संघ शिकतो. हरल्यानंतरच्या आठवड्यात पुन्हा मैदानावर येण्याची सोय ज्या व्यवस्थेत नाही, ती व्यवस्था खेळाडू घडवीत नाही, केवळ गाळते.

आणि गाळून शेवटी काय उरते? विजयी-पराजित संघांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो, तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तेथे मुंबई, पुणे, गोवा अशा ठिकाणचे संघ समोर उभे राहतात. तेथील कित्येक खेळाडू वर्षभर क्लबांच्या साखळी सामन्यांत खेळलेले असतात, तर मराठवाड्याच्या संघातील मुले एकमेकांना काही दिवसांपूर्वीच भेटलेली असतात. पराभव झाला की ‘आपल्या भागात गुणवत्ता नाही’ असा शेरा मारायला सगळे मोकळे. जो कधी पाण्यात उतरवलाच नाही त्याला बुडाल्याबद्दल नापास करण्यासारखा हा न्याय आहे.

या दोन दिवसांच्या हंगामाचे एकच पीक हाती लागते, ते म्हणजे प्रमाणपत्र. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण आहेत. तत्त्व म्हणून दोन्ही योग्यच आहेत. परंतु खेळणेच ज्यांना मिळत नाही त्यांच्या नशिबी प्रमाणपत्रही येत नाही, आणि मग खेळ मागे पडून कागदाचाच बाजार भरतो. महाराष्ट्रात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा पुष्कळांनी नैतिक अधःपाताबद्दल हळहळ व्यक्त केली. पण ज्या व्यवस्थेत मैदान ओस आणि कागद मोलाचा, तेथे कागद छापणारे निपजणारच. दोष केवळ छापणाऱ्याचा नाही. मैदान ओस ठेवणाराही तितकाच दोषी आहे.

‘ग्रामीण मुलांना फुटबॉलची आवडच नाही’ असे एक शहाणपण महाविद्यालयांच्या कार्यालयांतून ऐकू येते. आवड ही काही आभाळातून पडत नाही. तिला वेळ लागतो, जागा लागते आणि शिकवणारा लागतो. या तिन्हींचे काय केले गेले आहे ते पाहावे.

वेळेचे पाहा. स्पर्धा साधारणतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि दिवाळीच्या आगेमागे येतात. नेमके त्याच दिवसांत सोयाबीनची काढणी असते. लहान शेतकऱ्याच्या घरी मजूर परवडत नाही, तेव्हा महाविद्यालयात नाव असलेला मुलगा हाच घरचा मजूर असतो. ज्यांच्याकडे तेवढीही जमीन नाही, त्यांच्या घरात मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ होतो. माणसाचे नावही तेथे उरत नाही, अवजाराचे नाव माणसाला मिळते. आईबाप कोयता म्हणून कारखान्याच्या फडात गेले की मागे राहिलेल्या मुलावर म्हातारी माणसे, धाकटी भावंडे आणि जनावरे यांचा भार येतो. डोंगरकड्याहून नांदेडच्या रस्त्याने शिकायला जाणाऱ्या मुलाचा दिवस एसटीच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो. सरावासाठी सायंकाळी थांबावे तर परतीची गाडी चुकते, राहावे तर खोलीचे भाडे परवडत नाही. फुटबॉल त्याला आवडत नाही असे नव्हे, फुटबॉल त्याला परवडत नाही. आवड आणि ऐपत यांची ही अदलाबदल वरच्या वर्गांनी फार जुन्या काळापासून चालवली आहे.

जागेचे पाहा. आंतरराष्ट्रीय मापाचे फुटबॉलचे मैदान एकशे पाच मीटर लांब आणि अडुसष्ट मीटर रुंद असते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर सुमारे पावणेदोन एकर. महाविद्यालयाच्या मान्यतेच्या कागदांवर मैदान असतेच. चौकशी समितीला ते दाखवलेही जाते. परंतु मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात गुडघाभर रुतणारा चिखल आणि उन्हाळ्यात पाऊल अडकेल अशा भेगा असतात. मुरूम टाकून, उतार काढून, पाण्याचा निचरा करून तिला बारमाही खेळण्याजोगी करणे हे खर्चाचे काम आहे, आणि तो खर्च चेंडूसाठी होत नाही. लग्नाच्या मांडवासाठी, प्रदर्शनासाठी, निवडणुकीच्या सभेसाठी मात्र होतो. पुढाऱ्याचे हेलिकॉप्टर उतरायचे असले की ज्या मैदानावर वर्षभर रोलर फिरला नाही ते एका रात्रीत सपाट होते, दगडगोटे वेचले जातात, पाणी शिंपडले जाते, चुन्याने गोल आखला जातो. म्हणजे मैदान तयार करता येते. प्रश्न तंत्राचा नाही, पैशाचाही तितकासा नाही. कोणासाठी, एवढाच आहे.

शिकवणाऱ्याचे पाहा. शारीरिक शिक्षण संचालकांची पदे अनेक महाविद्यालयांत वर्षानुवर्षे रिकामी राहिली आहेत. २००१ नंतर राज्याने उच्च शिक्षणात विनाअनुदानाचे धोरण घट्ट धरले, तेव्हा नवी महाविद्यालये निघाली ती शिक्षणसम्राटांच्या हिशेबाने. तेथे मराठी-इतिहासाचा अध्यापक तासिका तत्त्वावर भागवला जातो, मग खेळाचा शिक्षक कोठून येणार? परिणामी स्पर्धेचे पत्र आले की कोणा तरी प्राध्यापकाला ‘संघ व्यवस्थापक’ म्हणून पाठवले जाते. तो बिचारा गाडीभाडे, जेवण आणि ओळखपत्रे यांतच बुडालेला असतो. क्रीडा शुल्क मात्र प्रत्येक विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळीच वसूल होते. जो मुलगा तीन वर्षांत एकदाही चेंडूला पाय लावत नाही त्याच्याकडूनही, आणि जी मुलगी मैदानाच्या कडेने मान खाली घालून जाते तिच्याकडूनही. या पैशाचा हिशेब विद्यार्थ्यांपुढे मांडला जावा, असे किती महाविद्यालयांना वाटते? सहकारी सोसायटीच्या सभासदाला ताळेबंद मागण्याचा हक्क असतो. विद्यार्थ्याला मात्र शुल्क भरण्याचे तेवढे कर्तव्य असते.

ही स्थिती निसर्गाने घडवलेली नाही, आणि मराठवाड्याच्या मातीत फुटबॉल रुजतच नाही असेही नाही, हे इतिहासच सांगतो. आजचा हिंगोली जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झाला. त्यापूर्वी, १९५६ पर्यंत, हा सारा प्रदेश हैदराबाद राज्यात होता. त्याच राज्याच्या राजधानीतील हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स करंडक जिंकला. त्या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. उस्मानिया विद्यापीठात ते शिकले आणि तेथेच खेळले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथे स्थान पटकावले. भारतीय फुटबॉलचा तो सर्वांत उज्ज्वल काळ होता, आणि त्याचा गुरू एका विद्यापीठाच्या मैदानावर तयार झालेला होता.

तेच उस्मानिया विद्यापीठ मराठवाड्याचेही होते. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत या भागातील तरुण पदवीसाठी त्याच विद्यापीठाचे दार ठोठावत. १९३८ च्या वंदे मातरम् सत्याग्रहात याच विद्यार्थ्यांनी निजामी सत्तेला आव्हान दिले आणि त्यापायी नावे कापून घेतली. एकच राज्य, एकच विद्यापीठ. पण राजधानीला पोलिसांचा संघ, क्लब, करंडक आणि प्रशिक्षक मिळाले. परभणी-नांदेडच्या वाट्याला तालुक्याची कचेरी आणि सारा वसुली आली. राजधानीत खेळ आणि जिल्ह्यात कष्ट, ही वाटणी तेव्हाची. निजाम गेला, भाषावार राज्य आले, १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठही आले, तरी वाटणी तीच राहिली. फक्त राजधानीचे नाव बदलले. दांडेकर समितीने १९८४ मध्ये रस्ते, सिंचन, वीज यांच्या अनुशेषाचा हिशेब मांडला. तरुणाच्या मोकळ्या संध्याकाळचा अनुशेष मोजण्याचे माप मात्र राज्यकर्त्यांना आजवर सापडलेले नाही.

फुटबॉल हा साहेबांचा खेळ, आपला नव्हे, असेही कोणी म्हणतात. पण खुद्द साहेबाच्या देशातच हा खेळ साहेबांकडून श्रमिकांनी हिसकावून घेतला. १८८३ मध्ये इंग्लंडच्या एफ.ए. करंडकाच्या अंतिम सामन्यात ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने ओल्ड इटोनियन्सचा, म्हणजे ईटनच्या उमरावी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा, दोन विरुद्ध एक असा पराभव केला. ब्लॅकबर्नच्या संघात कापड गिरण्यांतील विणकर आणि कारखान्यांतील कामगार होते. त्यांनी हे कसे साधले? अंगात अचानक दैवी गुण संचारले म्हणून नव्हे. सामन्यापूर्वी त्यांना कामावरून मोकळे करून ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर सरावाला नेण्यात आले होते. बुडणाऱ्या मजुरीचा प्रश्न सुटला, सराव मिळाला आणि उमरावांचा संघ हरला. हे पाहून अभिजनांना एकदम ‘हौशी खेळाच्या पावित्र्या’चा पुळका आला. खेळासाठी पैसे घेणे म्हणजे खेळ बाटवणे, असा ओरडा झाला. ज्याला मजुरी बुडवून खेळता येत नाही त्याला बाहेर ठेवण्याची ती सभ्य युक्ती होती. दोनच वर्षांत, १८८५ मध्ये, व्यावसायिक खेळाडूला मान्यता द्यावी लागली आणि ती युक्ती मोडून पडली. आज ग्रामीण महाविद्यालयातील मुलाला ‘आवड असेल तर स्वतःच्या खर्चाने ये’ असे सांगितले जाते तेव्हा बोलतो तो ओल्ड इटोनियनच, भाषा मराठी असली तरी!

महाराष्ट्रात याचे उलट उदाहरणही आहे आणि ते दूरचे नाही. कोल्हापुरात फुटबॉल रुजला तो पेठांच्या आधाराने. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावेच सांगतात की हा खेळ कोणा कंपनीच्या जाहिरातीतून आलेला नाही. कुस्तीची तालीम हीच फुटबॉलची शाळा झाली. शाहू स्टेडियमवर हंगाम सुरू झाला की पेठ आपल्या संघामागे उभी राहते. खेळाडूच्या दुखापतीची, बुटांची, जेवणाची काळजी वाहणारी माणसे असतात. त्यात दोष नाहीत असे नाही. ईर्षा आहे, हुल्लडबाजी आहे, पुढाऱ्यांचा पैसाही आहे. तथापि तेथे हंगाम आहे, आणि हंगाम आहे म्हणून खेळाडू आहेत. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाच्या संघात खेळलेला अनिकेत जाधव हा त्याच कोल्हापूरचा, रिक्षा चालवणाऱ्या वडिलांचा मुलगा. कोल्हापूरची माती वेगळी नाही. तेथे सामूहिक संस्था आहे आणि येथे ती उभी राहू दिलेली नाही, एवढाच फरक.

त्याच २०१७ मध्ये राज्य सरकारने काय केले तेही स्मरणात ठेवावे. विश्वचषकाच्या आधी, १५ सप्टेंबर रोजी, राज्यभरातील लाखो मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा गाजावाजाचा कार्यक्रम झाला. शाळांना चेंडू वाटले गेले, छायाचित्रे निघाली. चेंडू वाटण्यात वाईट काही नाही. परंतु चेंडूला हवा भरणारा पंप, तो लाथाडण्याची जागा, खेळ शिकवणारा माणूस आणि दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, यांचे वाटप कोणी करायचे? विश्वचषक संपला, पाहुणे गेले. एका दिवसाचा विक्रम आणि दोन दिवसांची स्पर्धा ही एकाच मनोवृत्तीची अपत्ये आहेत. तिला खेळ नको असतो, खेळाचे दृश्य हवे असते.

मग कधी तरी एखादा एकटा माणूस उभा राहतो. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडा-अध्यापक विजय बारसे यांना पावसात फुटकी बादली लाथाडणारी झोपडपट्टीतील मुले दिसली. २००१ मध्ये त्यांनी अशा मुलांची स्पर्धा भरवली आणि त्यातून पुढे ‘स्लम सॉकर’चे काम उभे राहिले. २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटाने ती कथा घरोघरी पोचवली. हे काम मोठे आहे, त्याला सलामच केला पाहिजे. मात्र त्यातून सरकारी खात्याने आणि संस्थाचालकांनी जो अर्थ काढला तो धोक्याचा आहे. ‘मनात आणले तर एकटा माणूसही करू शकतो’ असे टाळ्या वाजवून म्हणायचे आणि आपल्या जबाबदारीतून सुटायचे. दर तालुक्याला एक बारसे जन्माला येईल या भरवशावर राज्य चालत नसते. संतांची वाट पाहणे हे धोरण नव्हे. एक अध्यापक इतके करू शकतो याचा सरळ अर्थ असा की, प्रत्येक महाविद्यालयात तसा अध्यापक नेमून त्याला पगार, जागा आणि साधने द्यावीत.

अमेरिकेतील महाविद्यालयांचे दाखले देण्याची हल्ली फॅशन आहे. तेथे महाविद्यालयीन पुरुष फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९५९ पासून चालते. ऑगस्टच्या अखेरीपासून हंगाम सुरू होतो, मोठ्या महाविद्यालयाचा संघ पंधरा-वीस सामने खेळतो, शिष्यवृत्त्या मिळतात. हे घेण्याजोगे आहे. परंतु त्याच देशात अमेरिकन फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या महाविद्यालयीन संघांवर संस्थांनी अफाट पैसा कमावला आणि राबणाऱ्या खेळाडूला ‘विद्यार्थी’ म्हणून दशकानुदशके वाट्यापासून दूर ठेवले. २०२१ मध्ये त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाला एकमताने त्या संघटनेच्या निर्बंधांविरुद्ध निकाल द्यावा लागला. म्हणजे एकीकडे हंगाम आहे पण तो बाजाराच्या ताब्यात, आणि इकडे हंगामच नाही. या दोहोंतून निवड करण्याची सक्ती कोणी केलेली नाही. हंगाम हवा, आणि तो विद्यार्थ्यांच्या मालकीचा हवा.

आता सर्वांत कठीण आक्षेप, आणि तो विरोधकांचा नाही, चळवळीतल्याच माणसांचा आहे. ‘आधी भाकरी, मग चेंडू’ असे पुष्कळ प्रामाणिक कार्यकर्ते म्हणतात. त्यांच्या तळमळीविषयी शंका नाही. परंतु श्रमिकांच्या चळवळीने भाकरी आणि मोकळा वेळ यांना एकामागून एक असे रांगेत कधीच उभे केलेले नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षे झुंज दिली ती मजुरीसाठी जशी, तशीच रविवारच्या सुटीसाठीही. १० जून १८९० रोजी ती सुटी पदरात पडली. तेव्हाही ‘सुटी घेऊन हे करणार काय? गुत्त्यात जाणार!’ असे म्हणणारे होतेच. आठ तासांच्या दिवसाची मागणी करणाऱ्यांनी जगभर रक्त सांडले ते केवळ थकवा जावा म्हणून नव्हे. दिवसाचा काही भाग कोणाच्याही मालकीचा नसावा, तो माणसाचा स्वतःचा असावा, म्हणून. राष्ट्र सेवा दलाच्या शाखा संध्याकाळी मैदानावरच भरत आणि खेळातून जातीच्या भिंती ढासळत. हे ज्यांनी अनुभवले त्यांनी तरी चेंडूला चैन म्हणू नये. ज्याला आपला वेळ मागता येत नाही, तो उद्या आपली मजुरीही मागू शकणार नाही.

शिवाय मैदान रिकामे राहते तेव्हा तरुण रिकामा राहत नाही. त्याच्या संध्याकाळवर डोळा ठेवून बसलेले पुष्कळ आहेत. पैसे लावायला शिकवणारे मोबाइलवरील खेळ आहेत, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे फलक लावायला पोरे लागतात, मिरवणुकीत दुसऱ्याच्या वस्तीकडे पाहून घोषणा द्यायला पोरे लागतात. संघात अकरा जण लागतात. एकाच जातीची, एकाच गल्लीची अकरा चांगली पोरे सहसा सापडत नाहीत, आणि चेंडू पुढे द्यायचा तर तो मोकळ्या असलेल्या गड्याला द्यावा लागतो, नात्यातल्याला नव्हे. एवढे शिक्षण कोणत्याही व्याख्यानमालेत मिळत नाही. ज्यांना तरुण विभागलेलाच हवा आहे त्यांनी मैदान ओसाड ठेवावे यात नवल नाही. चळवळीने त्यांना त्यात मदत करू नये.

आणि ही सारी चर्चा ‘पुरुष संघा’ची झाली. मुलींच्या संघाचा प्रश्न अजून कागदावरही नीट आलेला नाही. मुलांना संध्याकाळ परवडत नाही, मुलींना तर ती दिलीच जात नाही. म्हणून हंगामाची मागणी करताना ती दोघांसाठी एकाच वेळी केली पाहिजे. मुलांचे आधी होऊ द्या, मग मुलींचे पाहू, असे म्हणणे म्हणजे ‘आधी भाकरी, मग चेंडू’ याचीच दुसरी आवृत्ती.

मागण्या स्पष्ट असाव्यात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची बाद पद्धत बंद करून जिल्हानिहाय साखळी हंगाम सुरू करावा, आणि त्याचे वेळापत्रक विद्यापीठाने परीक्षांबरोबरच सोयाबीनची काढणी पाहूनही आखावे. सरावाच्या दिवसांचा प्रवास आणि आहारभत्ता खेळाडूच्या हातात वेळेवर पडावा. सायंकाळी उशिरा सुटणारी एसटी ही क्रीडा खात्याचीही जबाबदारी मानावी. शारीरिक शिक्षण संचालकांची रिक्त पदे पूर्ण वेतनावर भरावीत. क्रीडा शुल्काचा जमाखर्च दर सत्रात फलकावर लावावा. प्रत्येक तालुक्यात पावणेदोन एकरांचे एक तरी निचऱ्याचे, बारमाही मैदान असावे. ही जमीन गायरानावर पोट भरणाऱ्या भूमिहीनाला हुसकून मिळवायची नाही. शिक्षणसंस्थांना सार्वजनिक कामासाठी म्हणून सवलतीने दिलेल्या जमिनी पडीक आहेत. त्या आधी मोजाव्यात.

यातील एकही मागणी क्रांतिकारक नाही. एकही अशी नाही की जिच्यासाठी तिजोरी रिती व्हावी. तरीही या मागण्या सहजासहजी मान्य होणार नाहीत, कारण श्रम करणाऱ्याच्या मुलालाही स्वतःचा वेळ असतो, हे त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व मान्य करावे लागेल. कार्यकर्त्यांनी सुरुवात महाविद्यालयाच्या फलकापासून करावी. शुल्काचा हिशेब मागावा, मान्यतेच्या कागदावरचे मैदान पट्टी घेऊन प्रत्यक्ष मोजावे. डोंगरकड्याच्या शिवारात खरीप येईल, रब्बी येईल, कारखान्याचा भोंगा वाजेल. हे हंगाम कोणाला विचारून येत नाहीत. तरुणांचा हंगाम मात्र आपसूक येणार नाही. तो मागावा लागेल, आणि मागून मिळाला नाही तर चुन्याची पिशवी घेऊन त्याच मैदानावर रेषा आखाव्या लागतील.